दारातलं लवतं झाड : न्यू जर्सीतल्या एका अंगणाचं प्रकरण

माझ्या आतेभावाचं घर मध्य न्यू जर्सीत आहे. दुमजली, पूर्वेकडे तोंड, सगळी मिळून पाव एकर जागा. 2016 मध्ये त्यांनी घर घेतलं तेव्हा पुढच्या अंगणात आधीच्या मालकांनी लावलेली तीन सूचिपर्णी झाडं होती. भिंतीपासून सहा फुटांवर एक निळा स्प्रूस, आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना शंकूच्या आकाराची अल्बर्टा स्प्रूसची जोडी. घर पसंत पडलं त्यात त्या निळ्या झाडाचा मोठा वाटा होता, असं वहिनी अजून सांगते. 2020 च्या उन्हाळ्यापर्यंत तिन्ही झाडं काढावी लागली.

त्या जागी काय लावायचं हे ठरवण्यात मार्च ते सप्टेंबर गेले. मी रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार विभागाचं मास्टर गार्डनर प्रशिक्षण घेतलंय आणि वीस मिनिटांवर राहते, म्हणून दादा-वहिनींनी मला बोलावलं. आत्या जानेवारीत साताऱ्याहून आली होती. विमानं बंद झाल्यामुळे ती अडकली आणि पुढे इथेच राहिली. तेव्हा निवड आम्हा चौघांची झाली. आज पाच वर्षांनी ते अंगण बघताना एक गोष्ट मला पक्की वाटते: झाडाचं नाव आणि रंग नंतर बघावा. ते वर्षाला किती इंच वाढतं आणि आपला शेंडा स्वतः धरून ठेवतं का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. जुन्या तिन्ही झाडांच्या वेळी हे कुणी विचारलेलं नव्हतं.

जुनी झाडं का गेली

निळा स्प्रूस मूळचा रॉकी पर्वतातला. तिथली हवा थंड आणि कोरडी. न्यू जर्सीचा उन्हाळा आपल्या भाद्रपदासारखा चिकट असतो, आणि दमट हवेत या झाडाला ऱ्हायझोस्फीरा नावाची बुरशी धरते. नवी पालवी हिरवीनिळी दिसते, पण मागच्या वर्षीच्या सुया जांभळट तपकिरी होऊन गळतात. म्हणून झाड खालून आणि आतून उघडं पडत जातं. दादाला वाटत होतं की पाणी कमी पडतंय. मी एक सुई तोडून वहिनीच्या हातात दहापटीचं भिंग दिलं. निरोगी सुईवर पांढऱ्या ठिपक्यांच्या बारीक रेघा दिसतात, ती तिची श्वास घ्यायची छिद्रं. या सुईवर त्याच रेघांत पांढऱ्याऐवजी काळे ठिपके ओळीने बसले होते, मोहरी पेरावी तसे. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही.

औषध फवारता आलं असतं. पण वसंतात पालवी फुटताना, आणि तेही लागोपाठ काही वर्षं, पंचवीस फूट उंच झाडावर फवारायचं होतं. शिवाय बुरशी बरी झाली तरी जागेचा प्रश्न उरणारच होता. अंगणात लावलेला निळा स्प्रूस पन्नास-साठ फुटांपर्यंत जातो आणि घेर पंधरा-वीस फुटांचा होतो. भिंत सहा फुटांवर. घराच्या बाजूच्या फांद्या आधीच भिंतीला घासत होत्या. आणि इथे सूचिपर्णी झाडांचा एक स्वभाव आड येतो. आंबा-पेरू छाटला तर जुन्या लाकडावरून फुटवा येतो. स्प्रूस, पाइन, फर, थुजा यांची फांदी हिरवा भाग संपतो त्याच्याही मागे कापली, तर तिथून बहुधा काहीच फुटत नाही. तो खड्डा कायमचा राहतो. त्यामुळे मोठं झालेलं झाड छाटून लहान करायची सोय यांत नसते. यू किंवा क्रिप्टोमेरियासारखे थोडेच अपवाद आहेत.

अल्बर्टा स्प्रूसची जोडी वेगळ्या कारणाने गेली. भिंतीकडची, ऊन परतून येणारी बाजू पूर्ण तपकिरी झाली होती. मी एक पांढरा कागद फांदीखाली धरला आणि फांदीवर टिचक्या मारल्या. कागदावर तिखटाच्या भुकटीसारखे कण पडले आणि दोन सेकंदांनी ते चालायला लागले. कोळी नावाची, सुयांचा रस शोषणारी कीड. बोट फिरवल्यावर कागदावर रेघ उमटली. दोन्हींतल्या एका झाडाच्या खांद्यातून एक जाड, लांब सुयांची फांदी सरळ वर निघाली होती. ते त्या झाडाचं मूळ रूप. बुटका अल्बर्टा म्हणजे साध्या व्हाइट स्प्रूसचा 1904 साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, लेक लुईजच्या परिसरात सापडलेला निसर्गाचा फरक आहे, आणि कधीतरी एखादी फांदी परत मूळ वळणावर जाते. ती दिसताच बुडापासून कापायची असते. इथे चार वर्षं कुणी कापली नव्हती आणि झाडाची सगळी ताकद तिच्याकडे गेली होती.

लेबलावरचा दहा वर्षांचा आकडा

नवी झाडं बघायला आम्ही एप्रिल-मेमध्ये तीन नर्सऱ्यांत गेलो. प्रत्येक लेबलावर उंची-रुंदी लिहिलेली असते आणि तीच झाडाची पूर्ण वाढ, असं बहुतेकांना वाटतं. दादालाही वाटलं. 'उंची 6 फूट' वाचून तो खूश झाला. खाली बारीक अक्षरांत 'दहा वर्षांत' असं होतं. सूचिपर्णी झाड दहा वर्षांनी थांबत नाही. जगेल तितकी वर्षं ते आपल्या वेगाने वाढत राहतं.

अमेरिकन कॉनिफर सोसायटीने यासाठी चार गट केले आहेत आणि ते पाठ करण्यासारखे आहेत. वर्षाला एक इंचाहून कमी वाढणारं अतिलहान, एक ते सहा इंच वाढणारं बुटकं, सहा ते बारा इंचांचं मध्यम, आणि बारा इंचांहून अधिक वाढणारं मोठं. म्हणजे 'मध्यम' हा शब्द वेगाचा आहे, उंचीचा नाही. मध्यम झाड दहा वर्षांत पाच ते दहा फूट होईल, वीस वर्षांत दहा ते वीस. लहान अंगणासाठी मला हाच गट योग्य वाटतो. बुटकं झाड दुमजली घरासमोर कुंडीसारखं दिसतं आणि मोठं झाड दहा-बारा वर्षांत कुऱ्हाड मागतं. शेजारच्या घरी लेलँड सायप्रसची रांग होती. 1888 मध्ये वेल्समधल्या लेटन हॉलच्या आवारात दोन सायप्रसांचा आपसूक संकर होऊन ही जात जन्मली. वर्षाला तीन-तीन फूट वाढते, म्हणून आडोशासाठी लोक घेतात. ती रांग आता विजेच्या तारांना टेकली आहे आणि मधली दोन झाडं फांद्या वाळवणाऱ्या रोगाने तांबडी पडली आहेत. दादाने ती रोज खिडकीतून बघितली होती, म्हणून निदान त्या बाबतीत मला वाद घालावा लागला नाही.

'रडणारं' झाड

वहिनीला पहिल्या दिवसापासून लोंबत्या फांद्यांचं झाड हवं होतं. इंग्रजीत त्याला 'वीपिंग' म्हणतात, त्याचा दादाने आत्याला सरळ अर्थ सांगितला, आणि आत्या म्हणाली, "दारात रडणारं झाड? कशाला गं ते?" मी तिला फोनवर फोटो दाखवले. ती चष्मा वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "हा तर आपला अशोकच की. कंपाउंडला असतो तो, खाली पानं सोडलेला." तिचं म्हणणं आकारापुरतं अगदी बरोबर होतं. तो उंच हिरवा अशोक सूचिपर्णी नाही आणि इथल्या थंडीत एक हिवाळाही निघणार नाही. पण खोडाला लगटून खाली उतरणाऱ्या फांद्यांची जी शोभा आपण रस्तोरस्ती बघत आलो, तीच इथे दुसऱ्या कुळातल्या झाडांत मिळते. त्या दिवसापासून आमच्या बोलण्यात ते 'लवतं झाड' झालं.

आता या लवत्या झाडांत एक फरक आहे, आणि तो कळला नाही तर पैसे वाया जातात. एका प्रकारात मधला शेंडा स्वतः उभा चढतो आणि फक्त बाजूच्या फांद्या खाली पडतात. नूटका सायप्रस, सर्बियन स्प्रूसचा लवता प्रकार, व्हाइट स्प्रूसचा लवता प्रकार ही अशी झाडं. यांना जागा दिली की पुरे, उंची ती स्वतः घेतात. दुसऱ्या प्रकारात शेंड्याला उभं राहणंच माहीत नसतं. लवता नॉर्वे स्प्रूस, लवता ॲटलस सीडर, लवता व्हाइट पाइन, लवता लार्च हे त्यातले. काठी दिली नाही तर नॉर्वे स्प्रूसचा 'पेंड्युला' जमिनीवर वेलासारखा पसरतो. काठी सहा फुटांची दिली तर सहा फूट चढतो आणि तिथून खाली वाहायला लागतो. त्यामुळे 'हे किती उंच होईल' या प्रश्नाचं उत्तर नर्सरीवाल्याकडे नसतं, काठी बांधणाऱ्याकडे असतं. लहान अंगणात ही फार मोठी सोय आहे आणि तिच्यासाठीच मी हा प्रकार सुचवला.

तिसराही एक प्रकार नर्सरीत दिसतो: सरळ खोडाच्या खुंटावर चार-पाच फुटांवर लवत्या जातीचं कलम भरलेलं. त्याची छत्री होते. छत्री खाली आणि बाजूला वाढते, वर फारशी नाही. काहींना ती आवडते. वहिनीला नको होती. आमच्या मागणीवर एका नर्सरीने आधी हेच पाठवलं होतं. खोडावर कलमाची गाठ छातीच्या उंचीला दिसली, म्हणून मी गाडीतूनच परत केलं. गाठ कुठे आहे हे बघायला अर्धं मिनिट लागतं.

मोजमाप

जून महिन्यात आम्ही एकही झाड न घेता फक्त जागा मोजल्या. पाण्याचा पाइप जमिनीवर गोल टाकून प्रत्येक झाडाचा वीस वर्षांनंतरचा घेर आखला. बांबूला सुतळी बांधून उंची धरली आणि वहिनी आतून खिडकीत उभी राहून "डावीकडे, अजून डावीकडे" सांगत होती. मजेशीर दिसत असेल, पण निम्मी यादी तिथेच गळाली.

पाण्याच्या निचऱ्याची परीक्षाही केली. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्यायचा, पाण्याने भरायचा, ते जिरू द्यायचं, परत भरायचा आणि पट्टी लावून तासाला किती इंच उतरतं ते बघायचं. या भागात तांबड्या शेल दगडाची चिकणमाती आहे, ओली असताना कुंभाराच्या मातीसारखी. पायवाटेजवळ तासाला दीड इंच पाणी उतरलं, म्हणजे चालण्यासारखं. ईशान्य कोपऱ्यात दोन इंच. ड्राइव्हवेच्या बाजूला, छताच्या पन्हाळीचं पाणी येतं तिथे, दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी होतं आणि त्यात एक बेडूक. स्प्रूस, पाइन, फर यांची मुळं अशा जागी गुदमरतात. मातीचा नमुना रटगर्सच्या प्रयोगशाळेत पाठवला. सामू (pH) 5.9 आला. तो या झाडांना मानवणारा, त्यामुळे मातीत काहीही घालायची गरज नव्हती.

आणि हरणं. मध्य जर्सीत हरणं रात्री अंगणात येतात, मोजून दहा-दहा. कोणती झाडं ती खातात याची यादी रटगर्सने केलेली आहे आणि ती बघितल्याशिवाय इथे झाड घेऊ नये. आत्याने नर्सरीत थुजा ओळखला. "हे विद्येचं झाड, आम्ही शाळेत याचं पान पुस्तकात ठेवायचो." आपली मोरपंखी आणि इथला थुजा अगदी जवळचे नातलग आहेत, त्यामुळे तिची ओळख चुकली नव्हती. दोन घरं सोडून एकांकडे त्याच थुजाची रांग होती. जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत नुसती खोडं आणि वर हिरवे झुपके, कारण हरणाची मान तिथपर्यंतच पोचते. आत्याने ती पाहिली आणि विषय संपला. तिच्यासाठी मागच्या जाळीआड एक लहान मोरपंखी लावली आहे.

कोणत्या जागी काय

ईशान्य कोपरा: दोन मजले उंच कोरी भिंत, सकाळचं ऊन, दुपारी सावली. इथे नूटका सायप्रसचा 'ग्रीन ॲरो' घेतला. मूळ झाड अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याचं, म्हणून त्याला गार, ओलसर मुळं लागतात आणि जर्सीचं पश्चिमेचं ऊन सोसत नाही. हा कोपरा त्याच्यासाठीच असल्यासारखा होता. 'ग्रीन ॲरो' वीस-पंचवीस फूट चढला तरी घेर बहुधा तीन-चार फुटांचाच राहतो. फांद्या खोडाला चिकटून सरळ खाली येतात, थेट आत्याच्या अशोकासारख्या. भिंतीपासून पाच फुटांवर लावला. नर्सरीत या झाडाच्या पाटीवर चार वेगवेगळी प्रजातीनावं, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, सापडू शकतात, कारण अभ्यासकांनी त्याला कॅमेसिपॅरिस, झँथोसिपॅरिस, कॅलिट्रॉप्सिस, क्युप्रेसस अशा घरांतून फिरवलं आहे. 'नूटकाटेन्सिस' हा शब्द दिसला की झाड तेच.

पायवाटेजवळची जागा सगळ्यांत महत्त्वाची, कारण घरात येणारा प्रत्येक माणूस तिथून जातो. वहिनीचा जीव लवत्या निळ्या ॲटलस सीडरवर होता. ते झाड देखणं आहे, यात शंका नाही. नर्सरीत ते काठीला नागमोडी बांधून विकतात, तेव्हा दोन फुटांत मावतं. पण त्याच्या फांद्या आडव्या पळतात आणि पुढे त्यांना मांडवासारखे खांब द्यावे लागतात. आमच्याकडे पायवाट आणि पायऱ्या यांच्यामध्ये नऊ फूट होते. दादाने लवता व्हाइट पाइन सुचवला. त्याला बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचा त्रास फार होतो, आणि फुटपाथ अकरा फुटांवर. लवता हेमलॉक माझा स्वतःचा आवडता. हडसन नदीच्या बाजूच्या फिशकिल डोंगरात 19व्या शतकात सापडलेला, सार्जंटच्या नावाने ओळखला जाणारा, हिरव्या धबधब्यासारखा. पण 1951 मध्ये व्हर्जिनियात आढळलेली लोकरी किडीची लागण आता सगळ्या पूर्व किनाऱ्यावर आहे. सुयांच्या बुडाशी पांढरे कापसाचे ठिपके दिसले की उपचार चालू करायचे, आणि ते कायमचे. दोघंही नोकरी करणाऱ्या घराला मी ते ओझं देणार नव्हते. मग लवता नॉर्वे स्प्रूस ठरला. चार फूट चढवलेलं रोप आणि सहा फुटांची काठी.

देवदाराचंही नाव निघालं. त्याच्या फांद्यांची टोकं नैसर्गिकच लवतात आणि आपल्या माणसाला त्याची ओढ असतेच. पण तो हिमालयाचा वृक्ष आहे, पन्नास फुटांच्या पुढे जाणारा. नऊ फुटांत तो मावला नसता.

पन्हाळीच्या दलदलीत काय लावावं यावर सगळे गप्प होते. तिथे मी बाल्ड सायप्रसचा लवता प्रकार, 'कॅस्केड फॉल्स', सुचवला. बाल्ड सायप्रस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलींत पाण्यात उभा राहतो, त्यामुळे त्याला तुंबलेल्या मातीचं भय नाही. सूचिपर्णी असून तो हिवाळ्यात सगळ्या सुया गाळतो, आधी विटकरी होऊन. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. मी सांगितलं होतं, तरी डिसेंबरमध्ये आत्याचा फोन आला, "हे गेलं गं." मी तिला नखाने साल किंचित खरवडायला सांगितलं. आत हिरवं होतं. एप्रिलमध्ये पालवी आली तेव्हा तिने परत फोन केला.

शेजाऱ्यांच्या बाजूची चोवीस फूट लांब, नऊ फूट रुंद पट्टी मध्यम झाडांची. एकाच जातीची भिंत उभी केली तर एक रोग सगळी भिंत नेतो, म्हणून चार झाडं नागमोडी लावली: एक सर्बियन स्प्रूसचा अरुंद लवता 'पेंड्युला ब्रून्स', दोन हिनोकी सायप्रस 'ग्रॅसिलिस' आणि एक क्रिप्टोमेरिया 'ब्लॅक ड्रॅगन'. सर्बियन स्प्रूस द्रिना नदीच्या खोऱ्यातला. पांचिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो 1875 मध्ये सापडला. रानात तो आता थोडाच उरला आहे, बागांत मात्र निळ्या स्प्रूसपेक्षा किती तरी समजूतदारपणे वागतो. सुईची खालची बाजू चांदीसारखी, त्यामुळे वारा आला की सगळं झाड क्षणभर उजळतं. निळ्या रंगाची हौस त्यावर भागावी, असं मी वहिनीला म्हटलं होतं, आणि ती भागली. हिनोकी जपानमध्ये मंदिरांचं लाकूड. इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी त्याच लाकडात नव्याने बांधतात. त्याची पानं पंख्यासारख्या थरांत वळलेली असतात आणि पाठीमागून ऊन आलं की प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते.

खिडकीखाली पक्ष्याच्या घरट्यासारखा पसरणारा बुटका नॉर्वे स्प्रूस, 'निडिफॉर्मिस'. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. जागेत बसतो आणि खिडकी मोकळी ठेवतो.

लावणी

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावणी केली. हवा उतरलेली, माती अजून उबदार, मुळांना थंडीआधी दोन महिने मिळतात. खणायच्या आधी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या दाखवणाऱ्या इथल्या सेवेला, फोन केला. त्यांनी गॅस आणि केबलच्या रेषा रंगाने आखून दिल्या. नूटका जिथे ठरवला होता तिथून फूटभर सरकवावा लागला.

मोठी दोन झाडं गोणपाटात गुंडाळलेल्या हुंडीची, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याची, होती. कामगार खड्डा हुंडीच्या उंचीइतका घेतात आणि झाड ठेवून मोकळे होतात. पण हुंडीच्या वरच्या तोंडाला खोडाचा पसरट भाग, जिथून पहिली मुळं फुटतात, तो दिसायला हवा. सर्बियन स्प्रूसची हुंडी मी हाताने उकरली. पसरट भाग चार इंच खाली निघाला, वरचा थर नर्सरीतल्या नांगरणीने चढलेली माती होती. तसंच लावलं असतं तर झाड तीन-चार वर्षं कुढत राहिलं असतं आणि कारण कुणाला कळलं नसतं. वरची माती काढली, खड्डा तेवढा उथळ केला आणि चिकणमाती म्हणून आणखी इंचभर उंच ठेवलं. खोडाभोवतीची नायलॉनची दोरी कापली, गोणपाट आणि तारेची टोपली निम्म्यापर्यंत काढली. वर तीन इंच लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर. शरदात नर हरणं शिंगं घासायला कोवळी खोडं शोधतात, त्यासाठी पाच वर्षं दर ऑक्टोबरला जाळीचा पिंजरा बसवतो.

एक हिनोकी गेला

2021 च्या जुलैमध्ये रस्त्याकडच्या हिनोकीची पानं राखाडी झाली. दादा पाणी घालत होता, वेळापत्रक माझंच: आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं फवारा. माती दाबून बघितली तर ओली. ऑगस्टमध्ये झाड वाळलं. उपटल्यावर कारण हातात आलं. झाड कुंडीतलं होतं. कुंडीतली भर बहुतेक पीट आणि लाकडाच्या सालींची असते. ती एकदा पूर्ण सुकली की पाणी धरत नाही, अंगावरून घालवते. भोवतीची चिकणमाती ओली चिंब, आणि हुंडी मधोमध फोडली तर आत कोरडी भुकटी, फुंकर मारल्यावर उडणारी. मुळंही कुंडीच्या आकारात गोल फिरत राहिली होती, बाहेरच्या मातीत एकही गेलं नव्हतं. लावताना ती चार ठिकाणी उभी कापून मोकळी करायला हवी होती. गोणपाटातल्या दोन झाडांकडे लक्ष देताना मी कुंडीतली झाडं घाईने उरकली, आणि फवाऱ्याचा सल्लाही चुकला. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या चौघांत ते झाड सगळ्यांत सुंदर होतं.

त्या दिवशी उरलेल्या कुंडीच्या झाडांत बोट खुपसून पाहिलं. दुसऱ्या हिनोकीची हुंडीही आत सुकत आली होती. खोडाला लागून पाइप बारीक धारेने अर्धा तास सोडला, तेव्हा ते वाचलं. पुढची दोन वर्षं पाणी असंच, हुंडीवर, बोट घालून बघून, आणि जमीन गोठेपर्यंत, कारण हिवाळ्याच्या वाऱ्यात सदाहरित पानं पाणी सोडतच असतात. गेलेल्या झाडाच्या जागी त्याच सप्टेंबरमध्ये दुसरा हिनोकी लावला, मुळं धुऊन, कापून, पसरून. तो आज पाच फुटांचा आहे. क्रिप्टोमेरिया जानेवारीत तांबूस होतो तेव्हा दादाला दरवर्षी धास्ती वाटते. तो थंडीचा रंग आहे, एप्रिलमध्ये उतरतो.

काठी

नॉर्वे स्प्रूसचं काम दरवर्षी मे महिन्यात असतं. नवा शेंडा तेव्हा रबरासारखा मऊ असतो. त्याला जुन्या बनियनच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यात, काठी आणि खोड यांमध्ये बोटभर जागा ठेवून, बांधायचं. आधीच्या वर्षीच्या गाठी सैल करायच्या. एका वर्षी एक गाठ राहिली होती, तिथे सालीत वळ उमटला, तो अजून दिसतो. वर्षाला आठ-नऊ इंच चढत 2023 मध्ये शेंडा काठीच्या टोकाला पोचला.

मग पुढे काय हा प्रश्न आला. दादाला अजून दोन फूट हवे होते. वहिनीला तिथेच थांबवायचं होतं. आत्या रोज दुपारी पोर्चवर खुर्ची टाकून बसते आणि टपालाची गाडी, शाळेची बस, कुत्री फिरवणारी माणसं बघते. ती म्हणाली, "वर नेलंत तर खालच्या फांद्या लांबतील, मला रस्ता दिसायचा नाही." खुर्चीत बसून बघितलं तर तिचं बरोबर होतं. शेंडा बांधला नाही. जूनअखेर तो आपल्या वजनाने वाकला, पायवाटेच्या विरुद्ध बाजूला, आणि दुसऱ्या वर्षी त्यावरून तीन फांद्या खाली उतरल्या. आता त्या जमिनीपासून हातभर अंतरावर आहेत.

यंदा एप्रिलमध्ये मी खोड हाताने हलवून पाहिलं. मनगटाएवढं जाड झालंय, लाकूड धरलंय. वरून खाली एकेक पट्टी कापली आणि काठी उपसली. झाड दोन बोटं हललं आणि तिथेच राहिलं. दादाने काठी मागच्या वाफ्यात नेली, टोमॅटोला. आत्याने खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली, कारण तिथून आता रस्ताही दिसतो आणि झाडही.